सहा भाषांचं एकमत

शेजारच्या अंगणात चिंच फोडायला सुरुवात झाली. जैतूनचाचीच्या हातातली लोखंडी पट्टी चिंचेवर पडते, टक्, आणि चिंचोका बाहेर उडतो. पुन्हा टक्. भिंगारमध्ये मार्च महिना असा कानांनी कळतो. कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवरची झाडं झोडपून होतात, टेम्पोतून पोती उतरतात, आणि गल्लीतल्या निम्म्या अंगणांत बायका टरफलं, शिरा, चिंचोके असे ढीग घालून बसतात. वास असा, की नुकतंच जेवून उठलेल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं. मी मात्र खिडकी लावून घेते. त्या एका हंगामापासून माझं आणि चिंचेचं हे असं झालंय.

या आठवड्यात आमच्या लायब्ररीची नवी आवृत्ती बाहेर पडायची आहे, म्हणून खिडकी सकाळपासूनच बंद. लायब्ररी म्हटलं की गल्लीतले लोक विचारतात, पुस्तकं कुठं ठेवलीस? मी खुलासा करायचं कधीच सोडून दिलं. ही लायब्ररी म्हणजे कुलपं आणि सह्या यांचं सामान. मोबाईलवरचा निरोप असो की दवाखान्यातला रिपोर्ट, तो वाटेत कुणी वाचू नये, बदलू नये, यासाठी लागणारं गणित आम्ही लिहून ठेवतो आणि जगापुढे उघडं मांडतो. कुणीही उचलावं, वापरावं, चुका दाखवाव्यात. प्रोग्रॅम लिहिणारे वेगवेगळ्या भाषांत लिहितात, म्हणून आमचं सामानही सहा भाषांत आहे: सी, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, गो आणि रस्ट. पहिल्या पाच माझ्याकडे. रस्ट पोर्तुगालमधली इनेश बघते. तिला मी आजवर पडद्यावरच पाहिलंय.

"म्हणजे कुलपं करतीस आणि कारखान्याचं दार उघडं टाकतीस," पप्पा म्हणाले होते. माझे वडील. लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, त्यामुळे उघडं दार त्यांना सोसत नाही.

"दार उघडं असलं की दहा माणसं कुलूप तपासतात, पप्पा."

"दहा माणसं म्हणजे कुणीच न्हाई."

मला तेव्हा हसू आलं होतं.

पत्र आलं ते त्या वर्षीच्या लेंटमध्ये. ईस्टरच्या आधीच्या त्या उपासाच्या दिवसांत आमच्या घरी प्रत्येकजण काहीतरी सोडतो. पप्पांनी चहातली साखर सोडली होती. मी काय सोडावं याचा विचारच करत होते, तेवढ्यात परदेशातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आणि माझं बोलणंच सुटलं. पत्र फार सभ्य होतं. तुमच्या लायब्ररीत सही तपासताना एक भोक आहे. सहीच्या जागी नुसती शून्यं भरून पाठवली तरी तुमचं गणित 'सही बरोबर' म्हणतं. सहाही भाषांत तेच होतं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी मी हे जाहीर करणार आहे, तोवर दुरुस्त करा.

मी पत्र दोनदा वाचलं. मग तिनं सांगितलं तसं स्वतः करून पाहिलं. सहीच्या जागी शून्यं घातली. पडद्यावर उत्तर आलं: बरोबर. आदल्याच वर्षी एका छोट्या गटानं आम्हाला आभाराची चिठ्ठी पाठवली होती. रक्तपेढ्यांसाठी ते प्रोग्रॅम बनवायचे, आणि कुठल्या पिशवीत कोणतं रक्त हे सांगणारे दाखले आमच्या सह्यांच्या भरवशावर इकडून तिकडे जायचे. ती चिठ्ठी मी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. त्या दिवशी कपाट उघडायची मला भीती वाटली.

दुरुस्ती अवघड नव्हती. शून्य आलं तर नाही म्हण, एवढंच. पण एका भाषेत दुरुस्ती दिसली, की बाकीच्या पाच भाषांत भोक कुठं आहे हे चोराला आयतं कळणार. म्हणून सहाही आवृत्त्या एकाच दिवशी, एकाच तासात बाहेर पडायला हव्या होत्या, आणि तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नव्हता. माझ्याखेरीज एकट्या इनेशला ठाऊक. रक्तपेढीवाल्यांनासुद्धा सांगायचं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं.

त्या दिवसांचं काय आठवतं? दुपारचं ऊन. पत्र्यावर वाळत टाकलेली चिंच आणि तिच्यावरच्या माश्या. संध्याकाळी चर्चमध्ये सगळे डोळे मिटायचे तेव्हा मला मिटलेल्या डोळ्यांमागे शून्यं दिसायची. चाचीच्या पट्टीची टकटक सुरू झाली की मी खिडकी लावून घ्यायची, आणि मग उकाड्यानं जीव नकोसा झाला की उघडायची. जैतूनचाची म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. पप्पांबरोबर डेपोत नोकरीला असलेल्या उस्मानचाचांची बायको. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे आणि नाताळच्या करंज्या तिच्याकडे, हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलेलं.

"रूथ, काय झालंय गं? तोंड लई उतरलंय," ती भिंतीवरून म्हणाली.

"काही नाही चाची, काम आहे."

"कामानं तोंड उतरत न्हाई. काय तरी पोटात ठिवलंयस."

तिची बोटं चिंचेनं काळी पडलेली होती. नखांच्या कडांना चिरा होत्या आणि त्यात आंबट रस जात असणार, पण ती हात थांबवत नव्हती. मी लहान असल्यापासून तिचे हात असेच पाहिलेत. ते तसे का, हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

दुरुस्ती लिहून झाली तरी मला झोप येईना, कारण एक गोष्ट समजत नव्हती. एखाद्या भाषेत चूक व्हावी हे ठीक. सहा भाषा, सहा वेगवेगळी लिखाणं, आणि सहाही नेमकं तेच चुकतात? आमच्याकडे तपासणीचा एक तक्ता आहे. त्यात शेकडो नमुने: ही सही आली तर 'बरोबर' म्हणायचं, ती आली तर 'चूक'. प्रत्येक भाषेनं त्या तक्त्यातलं प्रत्येक उत्तर जुळवून दाखवल्याशिवाय आवृत्ती बाहेर पडत नाही. त्या तक्त्याचा मला अभिमान होता. सहा भाषांचं एकमत, असं मी भाषणांतून सांगायची.

एका दुपारी मी तो तक्ता छापून घेऊन बसले होते. डावीकडचा नमुना पुटपुटत वाचायचा, उजवीकडचं उत्तर बघायचं, पेन्सिलीनं खूण करायची. पप्पा बिनसाखरेचा चहा घेऊन समोर बसले होते, आणि त्या चहामुळे आधीच वैतागलेले.

"तूच वाचतीस आणि तूच टिक मारतीस?"

"मग कोण मारणार?"

"वाचणाऱ्यानं टिक मारायची नसते. हे तर डेपोत पहिल्या दिवशी शिकवायचे."

मी चिडलेच. म्हटलं, पप्पा, हे खोक्यांचं काम नाही. ते गप्प बसले नाहीत. डेपोत साठा मोजायचा तर दोन माणसं लागायची. एक रॅकपाशी उभा राहून खोक्यावरचं नाव आणि आतले नग मोठ्यानं वाचणार. दुसरा लांब टेबलाशी रजिस्टर घेऊन बसणार आणि नुसती टिक मारणार. वाचणाऱ्यानं रजिस्टर बघायचं नाही, टिक मारणाऱ्यानं रॅकपाशी जायचं नाही.

"का माहीताय?" पप्पा म्हणाले. "डोळ्यांना लिहिलेलं एकदा दिसलं, की हाताला तेवढंच सापडतं."

मी पेन्सिल खाली ठेवली. हा तक्ता आला कुठून? मीच केलेला. अगदी सुरुवातीला, फक्त सी होती तेव्हा. नमुने मी लिहिले, आणि उत्तरं? इतकी उत्तरं हातानं कोण काढणार, म्हणून मी माझ्याच सीच्या प्रोग्रॅमला विचारली आणि तो म्हणेल ती तक्त्यात भरली. मग तोच तक्ता पुढे करून बाकी भाषा तपासल्या. मीच वाचलं होतं, मीच टिक मारली होती, आणि बाकीच्यांना माझ्या टिकेवर टिक मारायला लावली होती.

तक्त्यात शून्यांचा नमुना होता. उत्तराच्या रकान्यात माझ्या यंत्रानं भरलेलं: बरोबर.

पण त्याहून वाईट पुढेच होतं. आमच्याकडे कुणी काय बदललं, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं कायमचं नोंदलेलं राहतं. मी जुन्या नोंदी उघडल्या. इनेशनं रस्टमधलं लिखाण पहिल्यांदा पाठवलं, तेव्हा तिच्या प्रोग्रॅमनं शून्यांची सही नाकारली होती. सहांतली एकच भाषा खरं बोलली होती. आणि तिच्याखाली माझी टिप्पणी होती, गोड आणि शहाणपणाची: एका नमुन्यात तुझं उत्तर इतर पाच भाषांशी जुळत नाही, कृपया दुरुस्त कर. तिनं माफी मागून दुरुस्त केलं होतं.

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी उठून मोरीत गेले आणि उगाच तोंड धुतलं.

इनेशला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आठवतंय मला. दोन दिवस गणित पुन्हा पुन्हा केलं होतं, प्रत्येक वेळी माझंच बरोबर येत होतं. पण पाच भाषा एकीकडे आणि मी नवी. वाटलं, माझंच चुकत असणार. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मंगळवारी आवृत्त्यांबरोबर एक जाहीर निवेदन द्यायचं होतं. काय चुकलं, का चुकलं, वापरणाऱ्यांनी काय करायचं. मी त्याचा खर्डा केला. त्यात लिहिलं, 'तपासणीच्या तक्त्यात एक त्रुटी राहून गेली होती.' वाक्य गुळगुळीत झालं होतं, बोट फिरवलं तर कुठे लागणार नाही असं. पप्पा बाहेर कुठे बोलणार नाहीत या भरवशावर त्यांना मराठी करून वाचून दाखवलं.

"राहून गेली म्हणजे? कुणी ठिवली?"

"असंच लिहितात पप्पा."

"व्हय. असंच लिहितात," ते म्हणाले. कप बाजूला ठेवला. आणि मग, मी विचारलं नसताना, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. गुड फ्रायडेची दुपार होती, चर्चमधून येऊन आम्ही अजून कपडेही बदलले नव्हते.

माझ्या जन्माआधी, एका शुक्रवारी ते आणि उस्मानचाचा साठा मोजत होते. चाचा वाचणारे, पप्पा टिक मारणारे. थोडंच राहिलं होतं. चाचा नमाजाला गेले. पप्पांना घरी जायची घाई होती. ते उठून रॅकपाशी गेले, रजिस्टर हातात घेऊनच. एका ओळीत बेअरिंगची खोकी होती. वरची भरलेली दिसली, रजिस्टरात आकडा लिहिलेला होता, यांनी टिक मारली. वाचणाऱ्याच्या रकान्यात नेहमीप्रमाणे उस्मानचाचांचं नाव. पुढे कधीतरी कळलं की खालची खोकी रिकामी होती. चौकशी झाली. चाचा म्हणाले, ती ओळ मी वाचली नाही. पण नाव त्यांचं होतं.

"आणि तुम्ही?"

"मला विचारलं, रजिस्टरात आहे ते बरोबर का. मी म्हणालो, रजिस्टरात आहे तसं आहे."

चाचांची लांब उत्तरेत बदली झाली, सर्व्हिस बुकात शेरा बसला. चार वर्षांनी परत आले. आल्यावर पहिल्या ईदला शीरखुर्मा घेऊन स्वतः दारात उभे राहिले. पप्पांना काही विचारलं नाही, आणि पप्पांनीही काही सांगितलं नाही.

मला वडिलांचा राग आला. तो मी लपवलाही नाही. मी शाळेत कॉपी केली म्हणून ज्या माणसानं माझ्याशी दोन दिवस बोलणं बंद केलं होतं, तो हाच. मग मी खोलीत गेले, खर्ड्यातलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: तक्त्यातली उत्तरं मी माझ्याच प्रोग्रॅममधून भरली. इनेशचं उत्तर बरोबर होतं. ते मी तिला चुकीचं करायला लावलं. खाली पूर्ण नाव घातलं. हे लिहायला पाच मिनिटं लागली. एवढं लिहिलं म्हणून माझी मान ताठ झाली असं काही नाही.

मंगळवार उजाडण्याआधीच रविवारी, ईस्टरच्या जेवणावर बसलो असताना फोन वाजला. आमच्या उघड्या चावडीवर, म्हणजे कुणालाही लिहिता येतं अशा चर्चेच्या पानावर, कुणा अनोळखी माणसानं प्रश्न टाकला होता: सहीत शून्य आलं तर तुम्ही काय करता? भोळा प्रश्न असेल, नसेलही. उत्तर दिलं तर सांगितल्यासारखं, पुसलं तर ओरडून सांगितल्यासारखं. मी त्याला तसंच राहू दिलं आणि दर दहा मिनिटांनी बघत राहिले. कुणी दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही. पप्पांनी चाळीस दिवसांनी साखरेचा चहा घेतला, पण चव कशी आहे हे विचारायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी दुपारी अडीच वाजता आम्ही बसलो. इनेशकडे सकाळचे दहा. बाहेर पाठवायच्या फाइली तिनं तिच्याकडे आणि मी माझ्याकडे वेगवेगळ्या तयार केल्या होत्या; दोन्हींचा ठसा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून गणितानं निघणारी चौसष्ट अक्षरांची खूण, जुळला तरच पुढे जायचं. एरवी मी दोन्ही ठसे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून नजर फिरवायची. त्या दिवशी इनेश तिच्याकडचा वाचत गेली, आणि माझ्याकडचा कागद मी पप्पांपुढे ठेवला होता. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, एकेक. पप्पा चष्मा नाकावर आणून टिक मारत होते. मी कशालाच हात लावला नाही. सहा फाइली, सहा ठसे. चौथ्याला पप्पांनी हात वर केला. "पुन्हा वाचायला सांग," ते म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. "हां. ठीकाय. ऐकू आलं न्हवतं."

मग पाठवायला सुरुवात. पायथन गेली. जावास्क्रिप्ट गेली. गो, रस्ट, सी. जावाची फाईल पाठवली पण बाहेर दिसेना. पाच भाषांत भोक बुजल्याचं जगाला दिसत होतं आणि सहावी उघडी. पाच मिनिटं. दहा. बाहेर चाचीची टकटक अखंड चालू. मी पान पुन्हा पुन्हा उघडत होते. पंचवीस मिनिटांनी जावा दिसली आणि मी निवेदन सोडलं. पप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. संध्याकाळी रक्तपेढीवाल्या गटाचं एका ओळीचं पत्र आलं: बदललं, सगळीकडे. मी कपाट उघडून ती जुनी चिठ्ठी नीट पाहिली आणि मग रडले.

आज आमच्या लायब्ररीच्या नियमांत पहिला नियम आहे: जो प्रोग्रॅम लिहील, त्यानं तक्त्यातली उत्तरं भरायची नाहीत. उत्तरं भरणाऱ्यानं प्रोग्रॅम बघायचा नाही. तक्ता आता इनेश सांभाळते, आणि तिचं उत्तर वेगळं आलं की आम्ही आधी आमचं तपासतो. हा नियम कुठून आला असं नवे लोक विचारतात. मी सांगते, भिंगारहून.

निवेदन गेल्यानंतर त्या संध्याकाळी पप्पांनी ते मला पुन्हा मराठीत वाचायला लावलं. माझ्या नावापर्यंत ऐकलं आणि उठले. चपला घातल्या. मला वाटलं फिरायला निघाले. ते शेजारच्या फाटकातून आत गेले. मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, आणि तिथून हलले नाही.

चाची ढिगापुढे बसलेली होती. पप्पा उभ्याउभ्याच बोलले. भाभी, ती खोकी मी वाचली होती. उस्मान नव्हता तिथं.

पट्टी थांबली नाही. दोन चिंचा झाल्या, तीन झाल्या.

"म्हाईत हाय," चाची म्हणाली. "ते मला सांगून गेल्ते बदलीवर. म्हनले, शेजार तुटंल, कुनाला बोलू नको. त्या चार वर्सांत पगार पुरंना, म्हनून मी चिंच फोडाया बसले, दानियलभाऊ. हात तवापासनं असंच हायेत."

पप्पांनी मान खाली घातली.

"मला सांगून आता काय उपेग? सलीमला न्हाई म्हाईत. त्याला अजून वाटतं, बापाच्या हातनंच खोटं झालं हुतं."

सलीम तिचा मुलगा. पुण्याला असतो. चाचीनं कोपरानं मोबाईल पुढे सरकवला, एका बोटानं त्याचं नाव दाबलं आणि फोन पप्पांकडे ढकलला.

"माजी बोटं चिकट हायेत. तुमीच धरा."

पप्पांनी वाकून फोन उचलला. पलीकडून सलीमचा आवाज आला, "हां अम्मी, बोल." पप्पांनी सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगितलं.